वस्तीतले बगळे

मुलचेऱ्यासारख्या तालुक्याच्या गावाला शहर म्हणावे की नाही, हा वाद तूर्त बाजूस ठेवू. बगळ्याला तो पडत नाही; बोडी, धानाची बांधी आणि वस्तीतले एखादे उंच झाड एवढे त्याला पुरते. आपण मात्र दिसेल त्या पांढऱ्या पक्ष्याला बगळा म्हणून मोकळे होतो. आमचे सांगणे असे की, आधी चोच पाहावी आणि पाय पाहावेत. गुरांमागे किडे टिपीत चालतो त्या गायबगळ्याची चोच पिवळी. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे, पण पावले पिवळी, जणू मोजे चढविलेले! ढोकरी काठावर मातीशी एकजीव होऊन बसते, आणि उडाली की पंख पांढरेशुभ्र. तिला 'वंचक' म्हणतात ते उगीच नव्हे. दिवेलागणीस डोक्यावरून 'क्वॉक' असा आवाज गेला, तर तो रातबगळा.

लहान बगळ्याची विणीच्या दिवसांतील पिसे एके काळी विलायती टोप्यांसाठी जात. १९०२ साली हिंदुस्थानातून ती निर्यात बंद झाली. आज भय आहे ते कुऱ्हाडीचे. पावसाळ्यात चिंचेवर, पिंपळावर घरटी होतात, खाली घाण पडते, म्हणून लोक ऐन विणीत फांद्या तोडतात आणि पिले खाली येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरट्यास उपद्रव देणे हीदेखील शिकारच ठरते. फांदी छाटणे भागच असेल, तर दिवाळीनंतर छाटावी. तोवर बहुतेक पिले उडून गेलेली असतात.