महाधमनीचे उसवलेले अस्तर
(ट्रस्टच्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



हृदयातून निघणारी महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिची भिंत तीन थरांची असते. बहुधा वर्षानुवर्षे चढ्या राहिलेल्या रक्तदाबामुळे आतले अस्तर एखाद्या ठिकाणी फाटते, रक्त थरांच्या मध्ये शिरते आणि कोटाचे अस्तर मूळ कापडापासून सुटत जावे तशी ती भिंत उसवत जाते. यालाच ‘एऑर्टिक डिसेक्शन’ म्हणतात.

छातीत वा पाठीत एकाएकी उठणारी, चिरत जाणारी कळ हे त्याचे परिचित लक्षण. परंतु हा आजार बहुरूपी आहे. महाधमनीच्या शाखा मेंदू, मूत्रपिंडे, आतडी, पाय या सर्वांना रक्त पुरवितात. ज्या शाखेचे तोंड दाबले जाते, तिचा अवयव तक्रार करतो. त्यामुळे एखाद्यास पक्षाघात झाल्यासारखे दिसते, दुसऱ्याची कळ मुतखड्याची वाटते, तिसऱ्याचा पाय अकस्मात गार पडतो, तर चौथा नुसता भोवळ येऊन कोसळतो. शंभरातील सुमारे सहा रुग्णांना तर वेदनाच होत नाहीत.

येथे गफलत महागात पडते. हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळविणारे इंजेक्शन दिले, तर तेच जिवावर बेतू शकते. ईसीजी निर्दोष आला तरी निश्चिंत होता येत नाही. दोन्ही हातांच्या रक्तदाबातील मोठी तफावत संशय वाढविते. निदान पक्के करते ती सीटी अँजिओग्राफी.

अमेरिकेतील ह्यूस्टनचे विख्यात शल्यविशारद डॉ. मायकेल डिबेकी यांनी या आजारावरील शस्त्रक्रिया 1950 च्या दशकात विकसित केली. 31 डिसेंबर 2005 रोजी, वयाच्या 97 व्या वर्षी, हाच आजार त्यांना जडला. घरच्यांना मात्र त्यांनी स्नायू दुखावल्याचे सांगितले! फेब्रुवारी 2006 मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते जुलै 2008 पर्यंत जगले.

घरोघरी हेच घडते. फक्त स्नायूच्या जागी ‘गॅस’ येतो. वाशी, नेरूळ, बेलापूर परिसरात सीटी स्कॅनची सोय असलेली रुग्णालये आहेत. तेव्हा अशा प्रसंगी ओव्यावर रात्र काढण्याचे कारण नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून उपलब्ध आहे. रुग्णालयात पोहोचताच नातेवाइकांनी डॉक्टरांना सांगावे : कळ नेमकी किती वाजता उठली, कोठून कोठे सरकली, रक्तदाबाची गोळी कधीपासून बंद आहे आणि कुटुंबात कोणाला महाधमनीचा विकार होता काय.