खेळाला लागलेले तिकीट



शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव पुण्यामुंबईकडील कुटुंबांना आज सुट्टीचे ठिकाण म्हणून परिचित आहे. चिंचांच्या सावलीत मोर पाहावयाचे, बैलगाडीत बसावयाचे, विटीदांडू खेळावयाचा, मातीत हात माखून घ्यावयाचे आणि पिठले-भाकरी खाऊन परतावयाचे. आलिशान रिसॉर्टमध्ये हेच 'किड्स क्लब' या नावाने मिळते. तेथे चित्रांसाठी वेगळे दालन असते आणि पोहण्यासाठी वेगळा शिक्षक.

यात शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. अवर्षणप्रवण जिरायत भागात जोडधंदा हवाच; राज्य शासनानेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. (हुरड्यासाठी पैसे मोजावे लागतील असे कोणी सांगितले असते, तर मागच्या पिढीने ती थट्टाच समजली असती.) परंतु मुबलक वस्तूला बाजारात किंमत नसते, ती दुर्मिळ झाली की येते. खेळ दुर्मिळ झाला, याचा हा पुरावा आहे.

शहरातील मुलाची जागा हिरावली गेली. शिरूर-दौंडच्या शिवारातील एका मुलाचा मात्र वेळच हिरावला गेला आहे. हुरडा पार्ट्यांचे महिने आणि उसाच्या गाळपाचे महिने एकच. पाहुण्यांची मुले बैलगाडीत हौसेने बसतात, त्याच दिवसांत बीडकडून आलेल्या तोडणी मजुरांची मुले उसाने भरलेल्या गाडीवर बसून कारखान्याकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो पहाटे फडात गेला की मागे कोपीवर थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते. शिक्षण हक्क कायद्याने जवळच्या शाळेने तिला प्रवेश द्यावयाचा आहे. खेळण्याची मोकळीक तिला कोणी द्यावयाची?

मुलाची सुट्टी आईबापांच्या सुट्टीपासून सुरू होते. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑन ब्लूम यांच्या पॉप्युलर फ्रंट सरकारने कामगारांना वर्षाकाठी २ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. पुढे १९५० साली मायोर्का बेटावर तंबूंच्या वसाहतीतून 'क्लब मेड' उभा राहिला आणि १९६७ साली त्याने मुलांसाठी स्वतंत्र क्लब काढला. आधी रजेचा हक्क आला, मग तिचा व्यापार झाला. आपल्याकडे व्यापार आला आहे. उचल घेऊन आलेल्या कोयत्याला भरपगारी रजा म्हणजे काय, हे ठाऊकही नाही.

राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून जी सायंशाखा चालविली, तिला लागत होते काय? एक मोकळी जागा, एक शिट्टी, लेझीम, चार गाणी आणि रोज ठरल्या वेळी येणारा कार्यकर्ता. तिला तिकीट नव्हते. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण व खेळसाहित्य आवश्यक मानले आहे. ते क्रीडांगण गाळप हंगामात संध्याकाळी तोडणी मजुरांच्या मुलांना खुले करावे, हा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. खर्चाचा प्रश्न निघेलच. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेण्याचा निर्णय झालेला आहे. त्यातून दोऱ्या, चेंडू, रंग आणि कागद यांची मागणी करावी.

एक गोष्ट मात्र आरंभीच करावी लागेल. कडेवर भाऊ घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहिलेली मुलगी खो-खो खेळू शकत नाही. शिट्टीच्या आधी त्या भावासाठी पाळण्याची आणि त्याच्यापाशी बसणाऱ्या एका मोठ्या माणसाची सोय करावी लागेल.