बस कुणासाठी धावते?

नाशिकची शहर बससेवा पूर्वी एसटी चालवत असे. ८ जुलै २०२१ पासून ‘सिटीलिंक’ या नावाने ती महापालिकेच्या परिवहन महामंडळाकडे आली. गाड्या ठेकेदाराच्या आणि त्याला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरमागे. या हिशेबात किलोमीटर दिसतो, त्यात बसलेला माणूस दिसत नाही. म्हणूनच कोणता किलोमीटर कुणासाठी, हे महापालिकेने स्वतः आणि उघडपणे ठरवले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

कारण ‘सरासरी प्रवासी’ नावाचा माणूस नाशिकच्या निमाणी बसस्टँडवर कधी उभाच नसतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला गाडी पाळीच्या आधी गेटवर हवी. पाळी लागल्यावर आलेली गाडी त्याच्या लेखी आलीच नाही. गंगापूर रोडला धुणीभांडी करणाऱ्या बाईचा प्रवास सकाळी जाणे, संध्याकाळी येणे असा सरळ नसतो. दोन घरची कामे, मधे शाळेतून मूल आणणे, जाता जाता भाजी, असे त्याचे तुकडे पडतात. गाडी बदलली की पुन्हा तिकीट काढावे लागत असेल, तर हे तुकडेच तिला महागात पडतात. आणि गुडघे धरलेल्या आजींचा प्रश्न वेळेचा नाहीच, पायरीचा आहे. जुन्या धाटणीच्या बसची आतली फरशी जमिनीपासून सुमारे ९०० मिलिमीटर उंच, खऱ्या लो-फ्लोअरची ४००. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दांडी, मागून रेटा आणि वेळापत्रक गाठायची ड्रायव्हरची घाई. ते ५०० मिलिमीटर आजींना घरी बसवतात.

यावर तोट्याचा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. बस तोट्यात चालते, तो पैसा पालिकेच्या तिजोरीतूनच जातो. पण सारा तोटा एकाच खात्यात टाकला की पहिली कात्री रात्रीच्या आणि कडेच्या फेरीला लागते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये बसमार्गांचे जाळे नव्याने विणले, तेव्हा आधीच ठरवले होते की साधारण ८० टक्के सेवा गर्दीच्या मार्गांना आणि २० टक्के विरळ वस्तीला. ते प्रमाण नाशिकने उचलावे असे नाही. प्रमाण आधी ठरवून लोकांसमोर मांडण्याची रीत उचलावी. ‘रिक्षा आहेतच की’ असेही म्हणतात. पण शेअर रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही. रात्री अकराला पाळी सुटल्यावर कारखान्याच्या गेटवर एकट्या उभ्या असलेल्या बाईसाठी ती भरायची कधी? तिला नेणाऱ्या बसची एक खेप रिकामी जाणारच. तो खर्च तोटा म्हणून न दाखवता, रस्त्यावरच्या दिव्यांच्या खर्चाशेजारी अंदाजपत्रकात लिहावा.