कोरडवाहू हरभऱ्याला पानांवाटे खत



कोरडवाहू हरभरा फुलावर येतो तेव्हा वरची वीतभर माती सुकलेली असते. ओल खाली आणि खत वर, अशी गत होते. कोरड्या मातीतले खत मुळांना उचलता येत नाही. त्यातच घाटे भरू लागले की मुळांवरच्या, नत्र धरणाऱ्या गाठीही मंदावतात. गरज वाढते नेमका तेव्हाच पुरवठा तुटतो. अशा वेळी वरून युरिया फेकून काय साधणार? पानांवर फवारलेले खत मात्र पान थेट घेते.

आता २०२१ पासून नॅनो युरियाच्या बाटल्या आल्या आहेत. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे युरियाचे एक पोते, असे सांगणारे भेटतात. आपण हिशेबच करू. सुरुवातीच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. २०२४ मध्ये आलेल्या नव्या बाटलीत २० टक्के. ते झाले सुमारे १०० ग्रॅम. आणि ४५ किलोच्या पोत्यात? २० किलोच्या वर! बारीक कण पानात चांगले शिरतात म्हणतात. शिरोत बापडे, पण १०० ग्रॅमचे २० किलो होत नाहीत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने भात-गव्हाचे जमिनीतले नत्र कमी करून नॅनो युरिया फवारून पाहिला, तर उत्पन्न घटले.

तेव्हा बाटली ही तोंडी लावायला, भाकरी म्हणून नव्हे. हरभऱ्याची भाकरी पेरणीलाच द्यायची असते: दहा किलो बियाण्याला रायझोबियमचे २५० ग्रॅमचे पाकीट चोळायचे आणि एकरी एक पोते डीएपी बियाण्याखाली पेरून द्यायचे. हे चुकले तर कोणतीही फवारणी ते भरून काढत नाही.

बाटली नसेल तरी अडत नाही. आपला साधा युरिया २ टक्के फवारा. दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. एक फवारा फुलोऱ्यात, दुसरा दहा-पंधरा दिवसांनी घाटे भरताना. एकराला २०० लिटर पाणी धरले तर युरिया लागतो ४ किलो. एका पोत्यात अकरा एकर एकदा फवारून होतात. नॅनोच फवारायचे असेल तर बाटलीवरचे प्रमाण पाळा, लिटरला २ ते ४ मिली.

युरिया मोजूनच घ्या, मुठीने नको. जास्त झाला की पानांच्या कडा करपतात. फवारणी सकाळी ऊन तापायच्या आत किंवा दिवस कलल्यावर करा. माना टाकलेल्या पिकावर फवारू नका. तणनाशकाचा पंप तर वापरूच नका, धुतलेला असला तरी.

आणि मधली चार तासे न फवारता सोडा. काढणीला त्यांची रास वेगळी करा, शेजारच्या फवारलेल्या चार तासांची वेगळी, आणि दोन्ही तोलून पाहा.