जुन्या स्वेटरची लोकर

थंडी सरली की आठवडी बाजारात जुन्या स्वेटरचे ढीग स्वस्त होतात. पण गटाच्या पैशाने घ्यायचे, तर आधी स्वेटर उलटा करून शिवण बघा. कापून ओव्हरलॉक केलेली असेल तर फुकट दिला तरी नको. उसवताना ओळीओळीला तुकडा निघतो. काठ न कापता नुसते जोडलेले असतील, तर दोरा लांब निघतो.

घरी आल्यावर एक टोक जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. त्याची चुलीवरची भांडी धरायची फडकी करू नका, हात भाजेल.

उसवलेला दोरा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार जागी सैल बांधा. कोमट पाण्यात थोडा शाम्पू, अर्धा तास भिजवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. गरम पाण्यात चोळलेली लोकर आळून घट्ट होते, मग ती कामाची नाही. साध्या पाण्यातून काढून सावलीत टांगा, खाली हलकं वजन अडकवा. दोऱ्याची वळणं बरीच सरळ होतात.

गिऱ्हाइकाला सांगायचं का, यावर आमच्या गटात वाद झाला. विचारलं तरच सांगू, असं काहीजणींचं म्हणणं. मला ते पटेना. शेवटी ठरलं: बाळाच्या टोपड्याला नवीच लोकर, जुनीची आसनं नि तोरणं, आणि किमतीबरोबरच दोरा जुना आहे हेही सांगायचं.