पट्टीखालची जखम



या परिषदेत बोलायला तुम्ही एका निवृत्त सिस्टरला बोलावलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. जखम कशी भरतेय हे स्वतःच सांगणारी पट्टी, हा आपल्या परिषदेचा विषय. तो ऐकल्यापासून एक टाच माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तालुक्याच्या रुग्णालयात असताना एक शेतकरी दादा आले होते. बारा वर्षांची शुगर. चपलेचा खिळा टाचेत घुसलेला, आणि ते तीन दिवस तसेच चालत होते. घरातल्या फरशीवर रक्ताचे ठिपके वहिनींना दिसले म्हणून कळलं. दुखतच नव्हतं. मी जखम धुतली, पट्टी बांधली, परवा या म्हणाले. कापसाची वेचणी ऐन भरात होती. ते आले दहाव्या दिवशी. पट्टी वरून स्वच्छ, कोरडी. सोडली तर पू पार हाडापर्यंत पोचलेला. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्या पांढऱ्या कापडाखाली दहा दिवस काय चाललं होतं, ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत. बधिर झालेले पाय त्यांतल्या कितीजणांचे असतील, याचा विचार करा.

आत काय चाललंय ते कळायला आपल्याजवळ एकच उपाय: पट्टी सोडून बघणं. आणि सोडण्यानंच जखम मागे जाते. सुकलेला गॉज सलाईननं कितीही भिजवला तरी शेवटच्या पदराला कोवळी कातडी चिकटून येतेच. खाटेचा दांडा घट्ट धरलेली ती मूठ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की प्लास्टिकच्या पातळ पडद्याखाली ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगानं कातडी धरते. आपल्या शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीचं पान वापरलं, तेही याच कारणानं: ते चिकटत नाही, काढताना रुग्ण कळवळत नाही. जखमेला झाकून ठेवायचं आणि शक्य तितकं कमी छेडायचं, हे आपल्याला कळून साठ वर्षं झाली. न छेडता पाहायचं कसं, तेवढं राहिलं होतं.

ते आता जमू लागलं आहे. पट्टीत बसवलेला सेन्सर जखमेची ऊब मोजतो. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून आपण हाताची मागची बाजू टेकवून बघत आलो. त्या हाताचंच हे काम. पायांच्या दोन्ही तळव्यांच्या एकाच जागी 2.2 अंश सेल्सिअसहून जास्त फरक पडला तर धोका समजतात. दुसरी खूण आम्लतेची: निरोगी कातडीचा पीएच 4 ते 6 च्या दरम्यान असतो, चिघळलेल्या जखमेचा 7 च्या वर सरकतो. तिसरी, अगदी क्षीण वीजप्रवाहाची. नवी कातडी धरत जाते तसा विजेला होणारा विरोध वाढतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये अशी पट्टी उंदरांवर वापरली; कॅलटेकच्या गटाने 2025 मध्ये 20 रुग्णांच्या जखमांतला स्राव पट्टीतच तपासून दाखवला. सुरुवात आहे ही, पण खरी आहे.

तरी मला डॉ. पॉल ब्रँड आठवतात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांमध्ये आयुष्याची ऐन वर्षं घालवलेला हा सर्जन. कुष्ठरोगात बोटं झडतात ती वेदना हरवल्यामुळे, हे त्यांनी जगाला पटवलं. पुढे अमेरिकेत कारव्हिलला त्यांनी बधिर हातापायांसाठी सेन्सर लावलेले हातमोजे आणि मोजे करून पाहिले. दाब वाढला की इशारा. रुग्ण हुशार होते, त्यांना धोका समजत होता. पण हातातलं काम पुरं करायचं असलं की ते इशारा बंद करत. प्रकल्प सोडून द्यावा लागला.

आमचे शेतकरी दादाही वेचणी सोडून आले नसते. मोबाइल कितीही वाजला असता तरी नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, की या पट्टीचा इशारा रुग्णापाशी थांबता कामा नये. तो उपकेंद्रातल्या सिस्टरकडे गेला पाहिजे, आणि त्या दिवशी गाडी काढून शेतावर जायची मुभा व वेळ तिच्या ड्यूटीत लिहिलेला असला पाहिजे. बुडालेल्या रोजाची भरपाईही उपचाराच्या खर्चातच धरा. हे सगळं पट्टीच्या किमतीआधी ठरवा, कारण किंमत उद्या उतरेल. उपकेंद्रांतली रिकामी पदं मात्र आपोआप भरत नाहीत.

अभियंत्यांना एक विनंती. चाचणी वातानुकूलित खोलीत आटोपू नका. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, पाय घामेजलेले, भेगाळलेले, मातीनं माखलेले. तिथे एका पायाचा आकडा बोलणार नाही, दोन्ही पाय ताडूनच बघावे लागतील.

उद्या सकाळच्या सत्रात अभियंते या पट्टीचे नमुने दाखवणार आहेत. त्यांतला एक माझ्या टाचेला बांधायला मी सांगितलं आहे. दिवसभर तो घेऊन मी या आवारात चालेन. पट्टी कुठे सुटते, कुठे घासते, ते संध्याकाळी त्यांना दाखवेन.