विजापुरांतील एक दिवस

प्रवासास निघणाऱ्या कुटुंबांत बहुधा दोन प्रकारचीं माणसें असतात. एकाला शक्य तितकीं ठिकाणें पाहावयाचीं असतात. दुसऱ्याला एकाच ठिकाणीं हवा तितका वेळ बसावयाचें असतें. दोन्ही प्रकारचीं माणसें एकाच मोटारींत बसलीं म्हणजे दिवस कोणाच्या मर्जीनें घालवावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. पुण्याच्या एका कुटुंबानें विजापुरांत घालविलेल्या एका दिवसाची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे.

कुटुंब पांच माणसांचें. आईवडील, मुलगा व मुलगी, आणि सत्तरी ओलांडलेली आजी. पहिला मुक्काम सोलापुरास, दुसरे दिवशीं विजापूर आणि तिसरे दिवशीं बदामी, असा बेत होता. सोलापुराहून विजापूर सुमारें शंभर किलोमीटर. २०१४ सालापासून या शहराचें अधिकृत नांव विजयपुर असें झालें आहे. पण मराठी माणसाच्या तोंडीं विजापूर हेंच नांव बसलेलें. भीमा ओलांडल्यावर सपाट रानांतून रस्ता जातो, आणि गांव येण्याच्या पुष्कळ आधीं क्षितिजावर गोलघुमट दिसूं लागतो.

वडिलांनीं दहा ठिकाणांची यादी केली होती व प्रत्येकापुढें वेळ लिहिली होती. आजीनें यादी पाहिली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "अफझलखान जेथून निघाला तें गांव एकदां डोळ्यांनीं पाहावें, असें लहानपणापासून मनांत आहे." १६५९ सालच्या त्या स्वारीपलीकडे विजापुराची तिला ओळख नव्हती. शाळेच्या पुस्तकांत तेवढेंच होतें.

मंडळी उजाडतांच निघून आठाच्या सुमारास गोलघुमटापाशीं पोंचली. ही महंमद आदिलशहाची कबर. तो १६५६ सालीं वारला. शहाजीराजांनीं ज्या दरबारांत चाकरी केली, तो दरबार याचाच. आंतील दालनाचें क्षेत्र सुमारें अठरा हजार चौरस फूट असून मध्यें आधाराला एकहि खांब नाहीं. परस्परांना छेदणाऱ्या आठ कमानी चौकोनी दालनाचा वरच्या बाजूस घेर आवळीत आणतात, आणि बाहेरून १४४ फूट व्यासाच्या घुमटाचा भार भिंतींवर उतरवितात. कोपऱ्यांतील मनोऱ्यांच्या अरुंद पायऱ्यांनीं सात मजले चढलें म्हणजे घुमटाच्या आंतील सज्जा लागतो. तेथें भिंतीशीं तोंड नेऊन कुजबुजलेला शब्द समोरच्या बाजूस कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकूं येतो. कारण आवाज मधल्या पोकळींत न विरतां वाटोळ्या भिंतीला धरून पुढें सरकतो.

आजीचे गुडघे दुखत असल्यामुळें ती खालींच बसली. वर गेलेल्या मुलांना मात्र कुजबुज ऐकूं आली नाहीं. शाळेच्या एका सहलींतील मुलें टाळ्या पिटीत होतीं, आरोळ्या ठोकीत होतीं, आणि प्रत्येक आरोळीचे अनेक प्रतिध्वनि घुमटांत मिसळत होते. गर्दी ओसरेपर्यंत थांबूं, असें मुलगी म्हणाली. वडिलांनीं घड्याळ दाखविलें. मंडळी खालीं उतरली.

तेथून जामा मशीद पाहून पश्चिमेच्या तटाकडे मोटार वळली. मुलूखमैदान तोफेच्या बुरुजावरहि पायऱ्या चढूनच जावें लागतें. आजी पुन्हां मागें राहिली. सुमारें पंचावन्न टन वजनाची ही पंचधातूची तोफ १५४९ सालीं निजामशाहींत अहमदनगरास ओतली गेली, व पुढें परंड्याहून विजापुरास आली. तिच्या तोंडाशीं आ वासलेला सिंह असून त्याच्या दाढांखालीं हत्ती चिरडला जात आहे. १८५४ सालीं इंग्रजी अमलांत ती लिलांवांत अवघ्या दीडशें रुपयांस गेली होती. सुदैवानें तो व्यवहार रद्द झाला.

पुढचें ठिकाण उपळी बुरूज. १५८४ सालीं बांधलेला हा उंच बुरूज बाहेरून वळसा घेणाऱ्या पायऱ्यांनीं चढावा लागतो. आजी म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी गाडींतच बसतें." मुलगा पळतच गेला. मुलगी मात्र जागची हालली नाहीं. ती म्हणाली, "बाबा, आजीनें सकाळपासून गाडीच पाहिली आहे."

वडील कांहीं बोलले नाहींत. खानावळींत ज्वारीची भाकरी, भरलें वांगें आणि शेंगदाण्याची चटणी वाढली गेली, तेव्हां त्यांनीं यादी काढली. सहा ठिकाणें उरलीं होतीं. त्यांतील चारांवर त्यांनीं काट मारली, आणि उरलेलीं दोन आजीच्या चालीनें पाहावयाचीं असें ठरलें.

पहिलें ठिकाण म्हणजे तटाबाहेरील इब्राहिम रोजा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर १६२६ सालीं पुरी झाली. समोर मशीद, मध्यें हौद. नातीचा हात धरून आजी थोड्या पायऱ्या चढली आणि ओवरींत टेकली. घाई नसल्यामुळें मंडळी तेथें दोन तास होती. खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे नुसती नक्षी नसून कोरलेलीं अरबी अक्षरें आहेत, हें बसल्याबसल्या मुलाच्या ध्यानांत आलें. अक्षरांच्या फटींतून उजेड आंत झिरपत होता.

आईनें प्रवासापूर्वीं थोडें वाचलें होतें. तें सांगावयास येथें सवड मिळाली. हा इब्राहिम मोठा गानलुब्ध. त्यानें 'किताब-इ-नवरस' हा गीतसंग्रह रचला, आणि त्यांत सरस्वतीचें व गणपतीचें स्तवन केलें. त्याच्या आधींच्या पहिल्या इब्राहिमानें महसुलाचे हिशेब फारसीऐवजीं देशी भाषेंत ठेवण्याची चाल पाडली, व त्यामुळें मराठी कारकुनांचा दरबारांत शिरकाव झाला. आजी लक्ष देऊन ऐकत होती. तिनें एकच विचारलें, "हें आम्हांला कुणीं कसें सांगितलें नाहीं?"

दुसरें ठिकाण बारा कमान. मंडळी तेथें पोंचली तेव्हां ऊन कलूं लागलें होतें. उंच जोत्यावर काळ्या दगडाच्या कमानी नुसत्याच उभ्या आहेत. वर छत नाहीं. दुसऱ्या अल्ली आदिलशहानें बापाच्या घुमटाला मागें टाकील अशी कबर योजिली होती. १६७२ सालीं तो वारला आणि काम अपुरें राहिलें. पुढें १६८६ सालीं औरंगजेबानें विजापूर घेतलें. अफझलखान निघाला तो या अल्लीच्याच कारकीर्दींत.

"तेव्हां वय काय होतें याचें?" आजीनें विचारलें.

"गादीवर आला तेव्हां अठरा. खान निघाला तेव्हां एकवीसच्या आंतबाहेर," आई म्हणाली.

आजीनें कमानींकडे पाहिलें. "मला तो इतकीं वर्षें म्हाताराच वाटत होता," ती म्हणाली. अंधार पडेपर्यंत ती तेथें बसून राहिली, आणि या वेळीं घड्याळ कोणीं दाखविलें नाहीं.

दहांपैकीं सहाच ठिकाणें पाहून झालीं. रात्रीं दिवसाची उजळणी निघाली तेव्हां सकाळच्या चार ठिकाणांविषयीं मुलांना फारसें सांगतां येईना. घुमटांतील कुजबुज तर ऐकावयाची राहूनच गेली होती. रोजाच्या जाळ्या आणि आजीचे प्रश्न मात्र त्यांना जसेच्या तसे आठवत होते. परक्या शहरांत एकच दिवस हातीं असला म्हणजे यादी अवश्य करावी. पण घरांतील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला आधीं विचारून करावी.